जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळतात? पडलेली कळी आधी चिरून बघा

कुंडीतली जास्वंद हिरवीगार आहे, शेंड्याशेंड्याला कळ्या धरतात, पण फूल काही दिसत नाही. सकाळी बघावं तर कुंडीखाली चार-पाच कळ्या पडलेल्या. खत घातलं किंवा फवारणी केली की आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हा त्रास परत परत का होतो, ते आधी समजून घ्या. जास्वंदीची कळी डोळ्यांना दिसायला लागल्यापासून फूल उमलेपर्यंत साधारण तीन ते पाच आठवडे जातात, गारठ्यात त्याहून जास्त. पाण्याचा किंवा उन्हाचा फटका बसला तर कळी दोन-चार दिवसांत गळते. कीड, खत, मुळं यांचा परिणाम मात्र उशिरा दिसतो आणि त्यावरच्या उपायाचाही गुण उशिराच येतो. मधल्या काळात धीर सुटतो. मग खत, कीटकनाशक आणि जागाबदल असं सगळं एकाच आठवड्यात होतं आणि कशाने फरक पडला, कशाने बिघडलं, काहीच कळत नाही. म्हणून खालच्या तपासण्या क्रमाने करा. एका वेळी एकच बदल करा आणि त्याची तारीख कुंडीवरच मार्करने लिहून ठेवा.

लक्षणं: कोणती कळी, कुठून, कशी गळते

पडलेल्या निदान दहा कळ्या गोळा करा. एका कळीवरून काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो.

– वाटाण्याहून बारीक, हिरव्या किंवा फिकट कळ्या एकदम बऱ्याच गळल्या: पाण्याचा ताण, ऊन कमी पडणं, कुंडी हलवणं किंवा हवामानातला अचानक बदल.
– कळी मोठी झाली, बुडाकडून पिवळी पडली आणि रंग दिसायच्या आत गळली: आत कीड असण्याची शक्यता सर्वांत जास्त.
– कळी उमलायच्या बेतात असताना अडकली, किंवा उमलली पण पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि वाकड्या: फुलकिडे.
– कळीला गोल भोक आणि भोकापाशी काळपट विष्ठा: कळी पोखरणारी अळी.
– शेंडा आखडलेला, पानं चुरगळून गुच्छासारखी झालेली, कळ्या खुज्या: पिठ्या ढेकूण.
– कळ्या गळतात आणि सोबत खालची पानंही पिवळी पडून गळतात: पाणी किंवा मुळं.

कळीचा देठही बघा. जास्वंदीच्या फुलदेठावर मध्ये एक बारीक सांधा असतो. झाडाला कळी पोसणं परवडेनासं झालं की या सांध्यातल्या पेशी सैल होतात आणि कळी तिथूनच अलगद सुटते. सांध्यावर स्वच्छ तुटलेली कळी झाडाने स्वतः सोडलेली असते. देठ मध्येच कुरतडलेला किंवा फाटलेला असेल तर खार, पक्षी, नाकतोडा किंवा वारा यांचं ते काम. त्यावर जाळी लावा, औषधाचा काही उपयोग नाही.

पहिली तपासणी: कळी चिरून बघणं

याला लागतं एक ब्लेड, एक पांढरा कागद आणि जमल्यास भिंग. कळी देठापासून टोकापर्यंत उभी चिरा आणि कागदावर उघडा. आत काय दिसतं त्यावर पुढची सगळी दिशा ठरते, म्हणून ही तपासणी सोडून खताच्या डब्याला हात लावू नका.

आत काहीच नाही, पाकळ्या ताज्या आणि स्वच्छ आहेत, तर कीटकनाशकं बाजूला ठेवा आणि पाण्याच्या तपासणीकडे जा. लांबट, एक-दीड मिलिमीटरचे, पिवळसर किंवा तपकिरी किडे तुरुतुरु पळताना दिसले तर ते फुलकिडे. बिनपायांच्या, पांढऱ्या किंवा पिवळ्या, दोन मिलिमीटरपर्यंतच्या अळ्या पुंजक्याने दिसल्या आणि ओल्या पृष्ठभागावर ठेवल्यावर टुणकन उडाल्या, तर ती मिजमाशीची, म्हणजे कळीत अंडी घालणाऱ्या बारीक माशीची, पिल्लं. एकच जाड अळी आणि भरपूर विष्ठा असेल तर ती पोखरणारी अळी. तिच्यासाठी दोन-तीन कुंड्या असतील तर हाताने वेचणं हाच सर्वांत चांगला उपाय. जास्वंद भेंडी-कापसाच्या कुळातली असल्याने त्यांच्यावरची ठिपक्यांची बोंडअळी हिच्यावरही येते आणि एकदा कळीत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरी तपासणी: कागदावर झटकणं

झाडावरची अर्धवट वाढलेली कळी पांढऱ्या कागदावर धरून टिचकीने तीन-चार वेळा झटका. फुलकिडे असतील तर कागदावर बारीक रेघांसारखे पडतात आणि चालू लागतात. लाल कोळी असेल तर ठिपके हळूहळू सरकतात आणि कागद चोळला की रंगाची रेघ उमटते. मग पानांची खालची बाजू, कळ्यांचे देठ आणि फांद्यांचे बेचके बघा. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण.

मुंग्या दिसल्या तर त्यांचा माग काढा. मुंग्या स्वतः कळ्या पाडत नाहीत. मावा आणि पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतात, त्यासाठी त्या येतात आणि मोबदल्यात त्यांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. मुंग्या चालू राहिल्या तर फवारणीनंतर ढेकूण परत जमतातच. कुंडीचे पाय पाण्याच्या बशीत ठेवणं किंवा खोडाला कागदी पट्टी गुंडाळून वर चिकट लेप लावणं पुरतं. लेप थेट सालीवर लावू नका, साल भाजते.

तिसरी तपासणी: पाणी

आतून स्वच्छ असलेल्या कळ्या गळत असतील तर बहुतेक वेळा दोष पाण्यात सापडतो. आणि "मी रोज पाणी घालतो" हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. पाणी मुळांपर्यंत पोचतं का, हे बघायचं आहे.

बोट कुंडीतल्या माती-कंपोस्टच्या मिश्रणात दोन इंच घाला. तिथे कोरडं लागलं तर पाणी हवंय. वर ओलं आणि खाली कोरडं, असंही असतं. त्यासाठी लाकडी काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढून बघा. कुंडी पेलवत असेल तर पाणी घातल्यावर आणि सुकल्यावर उचलून बघा, आठवड्याभरात हाताला वजनाचा अंदाज येतो.

कोकोपीट जास्त असलेल्या मिश्रणात एक फसवा प्रकार होतो. ते एकदा पूर्ण वाळलं की आकसतं, कुंडीच्या भिंतीपासून सुटतं आणि पाणी शोषायला तयार होत नाही. तुम्ही वर ओतलेलं पाणी कडेकडेने खाली पळतं, भोकातून लगेच बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं, झाड भरपूर प्यायलं. मधला मातीचा गोळा मात्र कोरडाच. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात काठाच्या दोन इंच खालपर्यंत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे वीस-तीस मिनिटं राहू द्या. नंतर कुंडी पूर्ण निथळू द्या. पुढे पाणी एकदम न ओतता दोन हप्त्यांत, दहा मिनिटांच्या अंतराने घाला.

उलट बाजूची चूक म्हणजे कुंडीखालच्या बशीत साठलेलं पाणी. अर्ध्या तासात जे निथळेल ते फेकून द्या. निचऱ्याची भोकं मुळांनी किंवा मातीने बुजतात, ती खालून काडीने मोकळी करा. झाड मलूल आणि माती मात्र ओली असेल तर आणखी पाणी घालू नका. मुळं गुदमरली आहेत, त्यांना पाणी उचलता येत नाहीये. थेट मुळांच्या तपासणीकडे जा.

पाण्याचं वेळापत्रक ठरवू नका. बारा इंची कुंडीतल्या जास्वंदीला कडक, वाऱ्याच्या दिवसांत दोनदाही पाणी लागतं आणि ढगाळ आठवड्यात तीन दिवसांनी एकदा पुरतं. कळ्यांना सर्वांत जास्त मारक असतो तो कोरडा-ओला-कोरडा हा झोका. सुट्टीवर चार दिवस गेलात आणि परतल्यावर बादलीभर पाणी ओतलंत, की आठवड्यात कळ्यांचा सडा पडणारच.

चौथी तपासणी: ऊन, जागा आणि हवा

रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. त्याहून कमी उन्हात जास्वंद पानांनी डवरते, कळ्याही धरते, पण त्या पोसायला लागणारी साखर तिच्याकडे तयार होत नाही. एक दिवस तासातासाने कुंडीपाशी जाऊन ऊन थेट पडतंय का ते लिहून काढा. डोळ्यांचा अंदाज इथे नेहमी फसतो. शिवाय सूर्य सरकतो. पूर्वी ऊन असलेली जागा ऋतू बदलल्यावर सावलीत जाते आणि "त्याच जागी असूनही" कळीगळ सुरू होते.

नवीन आणलेल्या रोपाची कळीगळ वेगळी धरा. रोप जिथे वाढलं तिथून बंद, अंधाऱ्या गाडीतून आलेलं असतं. अंधारात आणि कोंडलेल्या हवेत झाड स्वतःच इथिलीन वायू सोडतं आणि तो वायू देठातला सांधा सैल करतो. घरी आल्यावर आठ-दहा दिवस कळ्या गळणं हे त्याचंच उरलेलं देणं आहे. त्यात लगेच कुंडी बदलली तर आणखी भर. दोन आठवडे फक्त ऊन आणि पाणी सांभाळा. काही रोपवाटिकांमध्ये झाड ठेंगणं आणि भरगच्च दिसावं म्हणून वाढ रोखणारी औषधं देतात. त्यांचा असर ओसरला की पेरांमधलं अंतर वाढतं आणि झाड उंच, विरळ होतं. यात तुमची काही चूक नसते.

कळ्या धरलेली कुंडी सावलीतून एकदम भर उन्हात किंवा उलट हलवू नका. सात-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने सरकवा.

तापमान १५ ते ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना जास्वंद खूश असते. पारा ३५च्या वर टिकला की कळ्या गळतात आणि १० अंशांखाली वाढच थांबते. कडक उन्हाळ्यात काळी प्लास्टिकची कुंडी बाजूने तापते आणि उन्हाकडची मुळं भाजतात. अशी कुंडी एखाद्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा किंवा नुसता उन्हाच्या बाजूला पुठ्ठा उभा करा. दुपारनंतरची सावली मिळाली तर उत्तम.

दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या जाती साध्या पाच पाकळ्यांच्या जास्वंदीपेक्षा कितीतरी जास्त कळ्या गाळतात. फूल जड, त्याला पोसायला खर्च जास्त. काही संकरित जाती तर सगळं नीट असूनही निम्म्या कळ्या टाकतात. सगळ्या तपासण्या करून वर्षभर हीच गत राहिली तर ती जात बदला. एकाच झाडाशी हट्टाने झगडण्यात शहाणपण नाही.

पुस्तकात वेगळंच लिहिलंय, त्याचं काय?

बागकामाचं पुस्तक उघडून "हिबिस्कस"चं पान काढलं की बरेच जण गोंधळतात, कारण त्या एका नावाखाली किमान तीन वेगळी झाडं येतात. आपली सदाहरित जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. थंड प्रदेशांतल्या बागांत लावतात ती बहुधा हिबिस्कस सिरियाकस, म्हणजे दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली या दोघींना नावं दिली. सिरियाकस या नावात सीरिया असला तरी ते झाड पूर्व आशियातलं. ते हिवाळ्यात पानं गाळतं आणि बर्फ सोसतं. तिसरं हिबिस्कस मॉस्क्युटॉस, ताटाएवढ्या फुलांचं. ते थंडीत जमिनीपर्यंत वाळतं आणि वसंतात बुंध्यातून पुन्हा फुटतं. "हिवाळा संपताना जमिनीलगत छाटा" किंवा "बाहेर बर्फात राहू द्या" हे सल्ले या दोघांसाठी आहेत. ते कुंडीतल्या रोझा-सायनेन्सिसवर चालवले तर झाड हातचं जातं.

म्हणून पुस्तक घेताना दोन गोष्टी बघा: प्रत्येक झाडाखाली पूर्ण शास्त्रीय नाव आहे का, आणि लेखकाने कोणत्या हवामानात काम केलंय हे प्रस्तावनेत स्पष्ट सांगितलंय का. महिन्यांची नावं घालून दिलेल्या वेळापत्रकापेक्षा "रात्रीचं तापमान १५च्या वर गेल्यावर" अशा भाषेत बोलणारं पुस्तक कुठेही कामी येतं. रंगीत फोटो भरपूर आणि कळीगळीवर एकच ओळ, "पाणी कमी किंवा जास्त", अशी पुस्तकं शेल्फवर छान दिसतात.

पाचवी तपासणी: सापडलेली कीड

*फुलकिडे.* झाडावरच्या उमललेल्या जुन्या फुलांना आधी काढून टाका, वस्ती तिथेच असते. जोरदार पाण्याचा फवारा शेंड्यांवर आणि कळ्यांवर एक दिवसाआड मारा. निळे चिकट सापळे लावले तर किती फुलकिडे आहेत ते कळतं, पण नुसत्या सापळ्यांनी कीड संपत नाही. त्यानंतर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी. १०,००० पीपीएमचं (लेबलवर दिलेली तीव्रता) तयार औषध असेल तर एक लिटर पाण्याला २ ते ३ मिली, १५०० पीपीएमचं असेल तर ५ मिली. तेलात आधी १ मिली सौम्य द्रवसाबण घोटा, मग थोडं कोमट पाणी घालून दुधाळ करा आणि शेवटी बाकीचं पाणी. क्रम उलटा झाला तर तेल वर तरंगतं. पहिला फवारा नुसत्या पाण्याचा आणि शेवटचा शुद्ध तेलाचा जातो, त्यात पानं जळतात. फवारणी संध्याकाळी करा, तहानलेल्या झाडावर करू नका, आणि आधी दोन पानांवर मारून एक दिवस वाट बघा. दर सात दिवसांनी, तीन वेळा. एकदा मारून थांबलात तर अंड्यांतून आणि मातीतून पुढची फळी बाहेर येते. कीड परत येते ती इथूनच.

कडुनिंबाने तीन फेऱ्यांत फरक नाही पडला तर स्पिनोसॅड हे कीटकनाशक फुलकिड्यांवर चांगलं चालतं. मात्रा फक्त लेबलवरची. ओलं असताना ते मधमाश्यांना घातक असतं, म्हणून माश्या परतल्यावर, अंधार पडताना मारा. तेच औषध सलग वापरलं की फुलकिडे त्याला पटकन दाद देईनासे होतात.

*पिठ्या ढेकूण.* मोजके पुंजके असतील तर कापूस रबिंग स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा. शेंडा गुच्छासारखा आखडला असेल तर तो वाचत नाही, कारण गुलाबी पिठ्या ढेकणाच्या लाळेतल्या विषाने तिथली वाढच बिघडलेली असते. आखडलेल्या भागाखाली दोन इंच निरोगी फांदीवर कापा, तुकडे लगेच पिशवीत बंद करा आणि कात्री स्पिरिटने पुसा. उरलेल्या झाडावर साबणाचं पाणी, लिटरला ५ मिली, पानांच्या खालून, सात दिवसांच्या अंतराने तीनदा. मेणचट आवरणामुळे मोठ्या ढेकणांना औषध लागत नाही, नुकत्या निघालेल्या पिल्लांना लागतं. म्हणून पुन्हा पुन्हा मारायचं.

इथे एक सावधगिरी. ढेकणांच्या मधे ढेकणासारखीच पांढरी, पण मोठी, झुबकेदार आणि भराभर चालणारी अळी दिसली तर तिला हात लावू नका. ती क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी, ढेकूण खाऊनच जगते. अशा अळ्या दिसत असतील तर फवारणी दोन आठवडे थांबवा.

*मिजमाशी.* ही सर्वांत चिवट. माशी दीड मिलिमीटरच्या आतबाहेर, दिसतच नाही. ती कळीच्या टोकातून आत अंडी घालते, अळ्या आठवडाभर आत खातात, कळी पिवळी पडून गळते, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि एकूण तीन ते चार आठवड्यांत नवी माशी बाहेर येते. पडलेली कळी कुंडीत तशीच राहू देणं म्हणजे पुढच्या पिढीला घर देणं. वरवरची फवारणी कळीच्या आतही पोचत नाही आणि मातीतही नाही. महिन्याने सगळं पहिल्यासारखं होतं ते यामुळे.

उपाय हाताने करायचा आहे. पिवळसर झालेली प्रत्येक कळी, पडलेली प्रत्येक कळी रोज उचला, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बंद करा आणि उन्हात ठेवून मग फेका. कंपोस्टमध्ये टाकू नका. प्रादुर्भाव जास्त असेल तर मन घट्ट करून झाडावरच्या सगळ्या मोठ्या कळ्या एकदाच खुडा आणि पुढचे चार आठवडे वाटाण्याएवढी होताच कळी काढत राहा. माशीला अंडी घालायला जागाच उरत नाही. मिश्रणाचा वरचा एक इंच थर काढून फेका, नवीन भरा, त्यावर नारळाच्या काथ्याचा चटईसारखा थर द्या; पाणी जातं, अळ्यांना खाली जाणं अवघड होतं. घरातल्या सगळ्या जास्वंदींवर हे एकाच वेळी करा. एक कुंडी सुटली की तिथून सगळीकडे.

सहावी तपासणी: खत

कळ्या गळतायत म्हणून "फुलांचं खत" घालणं ही सर्वांत सर्रास चूक. ते सहसा स्फुरद भरपूर असलेलं असतं आणि जास्वंदीला स्फुरद कमीच लागतं. जादा स्फुरद साठून लोह अडवतं. नत्र जास्त झालं, म्हणजे युरिया किंवा ताजं शेणखत ढिगाने घातलं, तर पानंच पानं. तिला हवं असतं मध्यम नत्र, थोडं स्फुरद आणि भरपूर पालाश. साधं १९:१९:१९ (नत्र:स्फुरद:पालाश) वापरत असाल तर लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, आणि एक पाळी आड १३:०:४५ त्याच मात्रेत. माती आधी ओली असताना. कोरड्या मातीत दिलेलं खत मुळं जाळतं.

कुंडीच्या काठावर किंवा मिश्रणावर पांढरी पापडी दिसत असेल तर खत बंद. ते साचलेले क्षार आहेत. कुंडीत जेवढं मिश्रण, त्याच्या दुप्पट साधं पाणी चार-पाच हप्त्यांत ओतून धुऊन काढा. बारा इंची कुंडीत साधारण १५ लिटर मिश्रण असतं, तर ३० लिटर. मग महिनाभर खत नको.

सातवी तपासणी: पाण्याचा आणि मातीचा पीएच

नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. मातीत लोह नसतं असं नाही. पाणी जड असेल तर मिश्रणाचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ७.५च्या वर जातो आणि असलेलं लोहही झाडाला उचलता येत नाही. जास्वंदीला ६ ते ६.८ मानवतो. एक भाग मिश्रण, दोन भाग डिस्टिल्ड पाणी ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या पाण्यात पीएचची पट्टी बुडवा.

लोह घेताना डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. ईडीटीए स्वरूपातलं लोह पीएच साडेसहाच्या वर मातीत टिकत नाही, म्हणून ते पानांवर फवारा, लिटरला अर्धा ग्रॅम. मातीतूनच द्यायचं असेल तर ईडीडीएचए स्वरूपातलं घ्या, ते अल्कधर्मी मातीतही चालतं. जुनी पानं शिरांमध्ये पिवळी असतील तर ती मॅग्नेशियमची कमतरता; त्याला एप्सम सॉल्ट, लिटरला ५ ग्रॅम, महिन्यातून एकदा.

आठवी तपासणी: मुळं

ही शेवटी, कारण हिच्यात झाडाला खरा धक्का बसतो आणि हातच्या कळ्या जातातच. पण दोन वर्षं कुंडी बदललेली नाही, पाणी घातल्यावर तासाभरात झाड पुन्हा माना टाकतं, भोकांतून मुळं बाहेर आली आहेत, तर टाळूही नका.

आदल्या दिवशी पाणी द्या. कुंडी आडवी करून बाजूने थोपटा आणि गोळा बाहेर काढा. पांढरी-मलईरंगी, कडक मुळं निरोगी. तपकिरी, लिबलिबीत, वास मारणारी कुजलेली. ती निरोगी भागापर्यंत कापा. मुळं गोल गोल फिरून जाळी झाली असेल तर बाहेरून चहूबाजूंनी एक इंच आणि तळातून दोन इंच धारदार सुरीने काढा. नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी. खूप मोठी घेतली तर मुळं नसलेल्या भागात पाणी साचून राहतं आणि मुळं कुजतात. मिश्रणात चार भाग माती, तीन भाग मुरलेलं कंपोस्ट, दोन भाग कोकोपीट, एक भाग जाडी रेती किंवा परलाइट.

जेवढी मुळं कापली, तेवढ्या प्रमाणात वरच्या फांद्याही छाटा, पण एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. सगळ्या कळ्या काढा. दहा दिवस दुपारच्या उन्हापासून लांब ठेवा, महिनाभर खत नको. जास्वंद नव्या फुटीवरच फुलते, त्यामुळे छाटणीनंतर फुलं यायला दोन-तीन महिने लागतात. तेवढे दिवस "अजून कळ्या नाहीत" म्हणून पुन्हा काही घालू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

माती ओली असताना झाड एकदम मान टाकतं आणि बुंध्याशी साल काळी, मऊ पडून निसटते, तर तो बुरशीचा रोग आहे. घरच्या औषधांनी तो हटत नाही. कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि बुंध्याचा व मुळांचा नमुना वनस्पतिरोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेला दाखवा.

पानांवर पिवळी वर्तुळं, चट्टेपट्टे किंवा मोझॅकसारखी नक्षी असेल आणि पीएच, खत ठीक असेल तर विषाणूची शंका घ्या. त्यावर औषध नसतं. त्या झाडाच्या फांद्या कलमांसाठी घेऊ नका, त्याची कात्री दुसऱ्या झाडाला लावू नका.

मिजमाशीसाठी आठ-दहा आठवडे, म्हणजे दोन-तीन पिढ्या, कळ्या नेमाने वेचूनही अळ्या सापडत असतील तर अंतर्प्रवाही कीटकनाशकाचा निर्णय स्वतः घेऊ नका. ही औषधं मुळांवाटे फुलांतल्या मधापर्यंत पोचतात. फुलं खाण्यात वापरत असाल किंवा जवळ पोळं असेल तर हे अधिकच महत्त्वाचं. कृषी खात्याच्या किंवा पीकसंरक्षणाच्या माणसाला बंद पिशवीतल्या चार-पाच कळ्या दाखवा.

गुलाबी पिठ्या ढेकूण परिसरातल्या अनेक जातींच्या झाडांवर एकदम पसरलेले दिसले तर ती एका कुंडीची गोष्ट राहत नाही. १९९४ मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर ही कीड त्या भागात पहिल्यांदा सापडली आणि नंतर बाकीच्या कॅरिबियन बेटांवर पसरली. तिथे शेवटी नैसर्गिक शत्रू सोडूनच ती आवाक्यात आणावी लागली. अशा वेळी स्थानिक कृषी खात्याला कळवा.

जमिनीत लावलेली, दहा-बारा फुटांवर गेलेली जुनी जास्वंद शिडीवर चढून फवारू नका, विजेच्या तारेजवळ असेल तर छाटूही नका; हे काम झाडं छाटणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं. आणि फवारणीनंतर चक्कर, मळमळ, डोळ्यांची आग सुरू झाली तर हात-तोंड धुवा, कपडे बदला आणि औषधाच्या बाटलीचं लेबल सोबत घेऊन लगेच डॉक्टरकडे जा.